सर्रियल पोर्ट्रेट बघताना पोटात का हलतं, आणि आपण काढलेलं नुसतंच विचित्र का दिसतं

एकाने स्वतःचे काही फोटो पाठवून विचारलेला प्रश्न थोडक्यात असा होता की मॅन रे, क्लॉड काहून, डोरा मार वगैरे सर्रियलिस्ट, म्हणजे अतिवास्तववादी, फोटोग्राफरांचे जवळपास शंभर वर्षांपूर्वीचे फोटो आजही धड बघवत नाहीत आणि नजरही हटत नाही, पण स्वतः तसं काही करायला गेलं, चेहऱ्यातून झाड काढलं, डोळ्याच्या जागी घड्याळ बसवलं, तर लोक "भारी एडिट केलंयस" म्हणतात आणि पुढे सरकतात. मग तो अस्वस्थपणा येतो कुठून आणि आणायचा कसा?

मी बरीच वर्षं पोर्ट्रेटच करतेय, स्टुडिओत आणि बाहेरही, शिकवतेही, त्यामुळे हा प्रश्न माझ्यासमोर सारखा येतो. माझं उत्तर आधी सांगून टाकते आणि मग का ते सांगते. बघणाऱ्याला हलवतो तो त्याचा स्वतःचा फोटोवरचा विश्वास. फोटोतलं बाकी सगळं खरं, साधं, रोजचं असलं पाहिजे आणि एकच गोष्ट अशी बिघडलेली पाहिजे की तिचा खुलासा होत नाही. जितक्या जास्त गोष्टी बिघडवाल तितका विश्वास आधीच सुटतो, आणि तो सुटला की धक्का बसायला काही उरत नाही, राहते ती सजावट.

चित्रकाराने तीन डोळ्यांची बाई काढली तर आपण म्हणतो, बरं, याला तशी सुचली. फोटोत तीन डोळे दिसले की पहिला विचार येतो तो "ही बाई कुठे बसली होती?" असा, कारण फोटो म्हटलं की समोर कोणीतरी होतं, त्याच्यावरून निघालेला उजेड फिल्मवर पडला, एवढं आपण गृहीतच धरलेलं असतं. 1924 साली पॅरिसमध्ये लेखक आंद्रे ब्रेतोँने अतिवास्तववादाचा जाहीरनामा काढला तेव्हा त्यातला भर लिहिण्यावर होता, स्वप्न, आपोआप लेखन (म्हणजे विचार न करता हाताला येईल ते लिहिणं) वगैरे, पण पुढच्या दहा-पंधरा वर्षांत या मंडळींच्या मासिकांमध्ये सगळ्यात जास्त बोचलं ते काय असेल तर माझ्या मते फोटो. चित्रं आता म्युझियममध्ये शांतपणे बघता येतात, चित्रकार दालीची वितळलेली घड्याळं तर मगवरही छापून येतात, फोटो मात्र अजून तितके पाळीव झालेले नाहीत.

मॅन रेचा 1922 चा मार्केझा कासातीचा फोटो घ्या. ही इटलीतली अतिश्रीमंत, नाटकी बाई, पॅरिसला हॉटेलच्या खोलीत फोटो काढायला बोलावलं, आणि मॅन रेने स्वतःच्या आठवणींत लिहिलंय त्याप्रमाणे त्याने दिवे लावले आणि फ्यूज उडाला, मग खोलीतल्या उजेडावरच लांब एक्सपोजर देत, म्हणजे शटर जास्त वेळ उघडं ठेवून, काम करावं लागलं, बाईंना स्थिर राहा सांगितलं पण त्या काही राहिल्या नाहीत. निगेटिव्ह धुतल्यावर सगळं हललेलं निघालं, एकात डोळ्यांच्या तीन जोड्या आल्या होत्या, त्याने ते बाजूला ठेवून दिले. बाईंनीच बघायला मागितले आणि तो तीन जोड्यांचा बघून म्हणाल्या की तू माझ्या आत्म्याचा फोटो काढलास, आणि कितीतरी प्रिंट मागवल्या. ही गोष्ट सगळे गंमत म्हणून सांगतात, पण तिच्यात शिकण्यासारखं भरपूर आहे. एक तर फोटोत बाकी काहीच विचित्र नाहीये, केस आहेत, ओठ आहेत, अंगावरचे कपडे आहेत, नेहमीच्या पोर्ट्रेटसारखंच. दुसरं म्हणजे तिथे फक्त ब्लर नाहीये, डोळे स्पष्ट आहेत, म्हणजे नजर एका जागी थांबली, मग हलली, मग परत थांबली. आणि कॅमेऱ्याने खोटं काहीच केलं नाही, जे झालं तेच नोंदवलं, एका फ्रेममध्ये एकापेक्षा जास्त क्षण. तुम्ही हा प्रयोग करून बघाल तर मॉडेलला सावकाश मान फिरवायला सांगू नका, सगळं दूध सांडल्यासारखं पसरतं. एक ते दोन सेकंदांचं एक्सपोजर ठेवा, खिडकीचा उजेड पुरतो, आणि थांब, झटकन हल, थांब, असं करायला सांगा. जिथे थांबेल तिथले डोळे उमटतात.

आता चेहराच का, हात का नाही, खुर्ची का नाही. चेहरा ओळखायला आपल्या मेंदूत वेगळी यंत्रणा आहे, चेहरा समोर आल्यावर साधारण 170 मिलिसेकंदांच्या आसपास मेंदूतल्या विद्युतलहरींमध्ये एक ठळक खूण दिसते, म्हणजे आपण विचार करायच्या आधीच "हा माणूस आहे" असा निकाल लागलेला असतो. आणि हा निकाल तुकड्यातुकड्याने लागत नाही, डोळे-नाक-तोंड यांच्या एकमेकांतल्या मांडणीवरून अख्खा लागतो. 1980 मध्ये ब्रिटनमधल्या पीटर थॉमसन या मानसशास्त्रज्ञाने मार्गारेट थॅचरचा फोटो घेऊन त्यातले फक्त डोळे आणि तोंड उलटे केले, आणि तो अख्खा फोटो उलटा धरून दाखवला की काहीच खटकत नाही, सुलटा केला की बघवत नाही इतका भयंकर दिसतो. घरी कुणाच्याही पासपोर्ट फोटोवर हे करता येतं, नक्की करा, कारण ही गोष्ट वाचून कळत नाही, अंगावर यावी लागते.

तर सर्रियल पोर्ट्रेट चालतं ते या दोन निकालांमधल्या फटीत. आधीच्या मेंदूने सांगून टाकलंय की माणूस आहे, सामान्य आहे, आणि नंतरचा विचार करणारा मेंदू म्हणतोय थांब, काहीतरी चुकलंय. पण पहिला निकाल मागे घेता येत नाही. म्हणून डोळ्याच्या जागी घड्याळ बसवलेला चेहरा हलवत नाही, तिथे पहिला निकालच लागत नाही, मेंदू सरळ सांगतो हे चित्र आहे. या उलट दोन्ही डोळ्यांतली चमक, म्हणजे कॅचलाइट, एका डोळ्यातली काढून टाका आणि बाकी काही करू नका. बघणारा दहातल्या नऊ वेळा सांगू शकणार नाही की काय बिघडलंय, पण तो त्या फोटोसमोर जास्त वेळ उभा राहील. हे एडिटमध्ये पुसूनही होतं, पण लाइटसमोर नाकाच्या बाजूला काळा पुठ्ठा धरून केलं तर त्या डोळ्याच्या आजूबाजूची सावलीही खरी पडते, आणि फरक दिसतो.

नजरेबद्दल अजून बोलायलाच हवं, कारण निम्मा खेळ तिथे आहे. डिसेंबर 1929 मध्ये सर्रियलिस्टांच्या 'ला रेव्होल्युशिओं सूर्रेआलिस्त' मासिकात चित्रकार मॅग्रिटच्या एका चित्राभोवती सोळा सर्रियलिस्टांचे छोटे फोटो छापले होते, सगळे फोटोबूथमध्ये काढलेले, ओळखपत्राला लावतात तसे, कोट-टाय घातलेले नीट भांग पाडलेले पुरुष, आणि सोळाच्या सोळा जणांनी डोळे मिटलेले. एवढंच. काही जोडलं नाही, कापलं नाही. पण ओळखपत्राच्या फोटोचं काम काय, तर हा माणूस हाच असं सिद्ध करणं, आणि डोळे मिटले की ते काम होत नाही, ते झोपलेत, मेलेत, का आपल्याला न दिसणारं काहीतरी बघतायत, काही कळत नाही. मला स्वतःला हे पान मॅन रेच्या, चेहऱ्यावर काचेचे अश्रू लावलेल्या प्रसिद्ध फोटोपेक्षा जास्त धीट वाटतं, ते अश्रू सुंदर आहेत, आणि सुंदर असल्यामुळेच ते लवकर माफ होतात.

इथे आपल्याकडच्या डोळ्याबद्दल एक गोष्ट सांगते, जी परदेशी पुस्तकांत सापडणार नाही आणि जी आपल्याकडे फोटो काढणाऱ्याला माहीत असलीच पाहिजे. आपण तीन शिरांचा दत्त, दहा तोंडांचा रावण, चार-आठ हातांच्या देव्या बघत मोठे झालोय, रविवर्मा प्रेसच्या छापील चित्रांपासून आजच्या कॅलेंडरपर्यंत ते घराघरात भिंतीवर आहेत. त्यामुळे एका धडाला जास्त डोकी लावली की युरोपातला माणूस जसा दचकतो तसा आपला माणूस दचकत नाही, त्याला ते ओळखीचं वाटतं, उलट थोडं पवित्रच वाटतं. फाळके गोध्र्याला फोटो स्टुडिओ चालवायचे, ट्रिक फोटोग्राफी त्यांना येत होती, आणि ती त्यांनी पुढे पडद्यावर देवांचे चमत्कार दाखवायला वापरली तेव्हा प्रेक्षक हात जोडत होते. तंत्र तेच होतं, भीती मात्र नव्हती, कारण चमत्काराला कथा होती, आणि दुसरं कारण जास्त महत्त्वाचं, देव तुमच्याकडे बघतो. दत्ताचा मधला चेहरा समोरून भक्ताला नजर देतो. दर्शन म्हणजे दोन्ही बाजूंनी बघणं. सर्रियल पोर्ट्रेट ही देवघेवच मोडतं, चेहरा आहे पण नजर मिळत नाही, किंवा मिळते ती चुकीच्या ठिकाणाहून. म्हणून आपल्याकडे डोकी-हात वाढवत बसण्यापेक्षा नजर बिघडवा, त्याला आपल्याकडे तयार कथा नाही.

आता क्लॉड काहून. मूळ नाव लुसी श्वॉब, जन्म नांतचा, 1894 चा. तिची जोडीदार सुझान मालेर्ब, जी मार्सेल मूर नावाने चित्रं काढायची, आणि बरेचसे फोटो या दोघींनी मिळून घरच्या घरी काढलेत, शटर दाबणारी बहुतेकदा मूरच असावी. यातले बहुतेक फोटो तिच्या हयातीत लोकांनी बघितलेच नाहीत, 1954 मध्ये ती गेली आणि ऐंशी-नव्वदच्या दशकात लोकांना तिचा नव्याने शोध लागला. 1928 चा एक आहे ज्यात तिचीच दोन मुंडण केलेली डोकी खांद्याशी जुळलेली आहेत, एक डोकं दुसऱ्याच्या कानाशी वाकल्यासारखं आणि दुसरं नजर चोरतंय, शीर्षक म्हणजे एक प्रश्न, तुला माझ्याकडून काय हवंय. दोन डोकी असूनही हा दत्तासारखा वाटत नाही ते वर सांगितलं त्याच कारणाने, दोघांपैकी कुणीही आपल्याकडे बघत नाही, त्यांचं आपसात चाललंय आणि आपण तिथे नको आहोत.

पण माझ्या मते तिचा सगळ्यात मोठा फोटो आरशाचा आहे, साधारण त्याच वर्षीचा. चौकड्यांचा कोट, कॉलर हाताने धरलेली, केस बारीक कापलेले, शेजारी भिंतीवर आरसा. आरशासमोरच्या बाईचा फोटो म्हटलं की ती आरशात बघत असते, हजारो चित्रांनी आपल्याला तेच शिकवलंय. काहून आरशावरून तोंड वळवून सरळ आपल्याकडे बघते, आणि त्यामुळे आरशातली काहून दुसरीकडेच बघते, तिचा गळा उघडा दिसतो, ती जास्त नाजूक, जास्त उघडी वाटते. दोघी एकमेकींना बघत नाहीत. यात काहीच ट्रिक नाही! भौतिकशास्त्राप्रमाणे आरशाने जे दाखवायला पाहिजे तेच दाखवलंय आणि तरी असं वाटतं की खोलीत दोन माणसं आहेत आणि त्यांचं पटत नाही. मी विद्यार्थ्यांना पहिल्या दिवशी हाच फोटो दाखवते, सॉफ्टवेअर उघडायच्या आधी, कारण याच्यानंतर लेयर लावायची घाई जरा कमी होते. आणि ही बाई नुसती फोटोत धीट नव्हती, दोघी 1937 मध्ये जर्सी बेटावर राहायला गेल्या, तिथे नाझी आले, तर यांनी जर्मन सैनिकांच्या मनात फूट पाडणारी पत्रकं लिहून त्यांच्या खिशांत आणि गाड्यांत टाकली, 1944 मध्ये पकडल्या गेल्या, फाशीची... म्हणजे मृत्युदंडाची शिक्षा झाली, ती अमलात आली नाही आणि 1945 च्या मे महिन्यात बेट सुटलं. दुसऱ्याची ओळख गोंधळवणं हे यांच्यासाठी स्टुडिओपुरतं नव्हतंच.

डोरा मारचं 1936 चं एक पोर्ट्रेट आहे ज्याला 'उब्यूचं पोर्ट्रेट' म्हणतात, उब्यू हा एका फ्रेंच नाटकातला क्रूर, हावरट राजा. फोटोत आहे एक खवले-नखं असलेला, अर्धवट डोळे मिटलेला छोटासा जीव, बहुधा आर्माडिलो या कवचवाल्या प्राण्याचा गर्भ, पण मारने शेवटपर्यंत, आणि ती 1997 पर्यंत जगली, तो काय आहे हे सांगितलंच नाही. तो प्राणी बाटलीत ठेवून प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत दाखवला असता तर आपण तो दोन सेकंदांत विसरलो असतो. तिने त्याला पोर्ट्रेटसारखं बसवलं, जवळून, खांद्यापर्यंत, मऊ उजेडात, एखाद्या मान्यवराचा काढावा तसा. त्यामुळे आपण त्याच्यात माणूस शोधायला लागतो, आणि तो सापडायला लागतो, त्रास तिथे आहे. हे लक्षात ठेवा: चेहरा बिघडवून माणसाला परका करता येतं तसंच परक्या गोष्टीला पोर्ट्रेटचा मान देऊनही तीच फट उघडता येते.

आता जे चालत नाही त्याबद्दल, म्हणजे माझ्यावर चालत नाही. फिलिप हाल्समनचा 1948 चा दालीचा फोटो, हवेत उडणाऱ्या मांजरी, पाण्याचा फवारा, तरंगती खुर्ची, दाली उडी मारतोय, त्यासाठी 28 वेळा सगळं फेकलं होतं, मेहनतीला माझा मनापासून सलाम आहे, कारागिरी म्हणून अप्रतिम, पण तो अस्वस्थ करत नाही, चकित करतो. चकित झालेला माणूस "हे केलं कसं?" विचारतो आणि उत्तर मिळालं की सुटतो. अस्वस्थ झालेल्याला कसं केलं ते कळूनही सुटका नाही, काहूनच्या आरशाचं सगळं समजावून सांगितलं तरी तो तितकाच टोचतो. फोटोग्राफर आंद्रे कर्तेशचे 1933 चे जत्रेतल्या आरशांतले ताणलेले देह, तेही मला सुंदर वाटतात पण थोड्या वेळाने डोळा त्यांच्याकडे नुसता आकार म्हणून बघायला लागतो.

तर करायचं काय. सुरुवात पासपोर्ट फोटोच्या लाइटने करा, मी गंभीरपणे सांगतेय. समोरून सपाट उजेड, साधी पार्श्वभूमी, डोळ्यांच्या उंचीवर कॅमेरा, साधे कपडे. धूर, निळा-नारिंगी रंग, पडकी भिंत, हे सगळं लावलं की बघणाऱ्याला आधीच सूचना मिळते की आता गूढ येणार आहे, आणि तो अंग चोरून बसतो. मग एकच गोष्ट निवडा जी बिघडवायची, आणि ती होता होईतो कॅमेऱ्यातच बिघडवा.

अंतर हा सगळ्यात स्वस्त उपाय. लोक म्हणतात वाइड लेन्सने चेहरा वाकडा होतो, तो लेन्सने होत नाही, जवळ गेल्याने होतो, लेन्स फक्त जवळ जायची मुभा देते. दीड मीटरवरून चेहरा आपल्याला ओळखीचा दिसतो, तीस सेंटिमीटरवरून नाक फुगतं आणि कान मागे जातात, आणि ते हास्यास्पद होतं. मधलं पन्नास-साठ सेंटिमीटरचं अंतर बघा, तिथे चेहरा चुकीचा दिसतो पण का ते सांगता येत नाही, इतक्या जवळून आपण फक्त बाळाला नाहीतर प्रियकराला बघतो, आणि इथे अनोळखी माणूस त्या अंतरावर येऊन बसलेला असतो.

डबल एक्सपोजरला, म्हणजे एकाच फ्रेमवर दोनदा फोटो घ्यायला, हिशेब साधा आहे, दोन चेहरे एकमेकांवर येणार असतील तर प्रत्येक एक्सपोजर एक स्टॉप कमी, म्हणजे निम्म्या उजेडाचं, द्या, आणि काळ्या बॅकग्राउंडवर दोन डोकी शेजारी शेजारी ठेवणार असाल, एकमेकांना न शिवता, तर कमी करायची गरज नाही कारण काळ्यावर काहीच नोंदत नाही. पण हिशेबापेक्षा महत्त्वाचं म्हणजे दोन्ही वेळा लाइटची दिशा तीच राहू द्या. सावल्या दोन बाजूंना पडल्या की मेंदूला जोड सापडतो, आणि जोड सापडला की तो निवांत.

मुखवट्याबद्दल अमेरिकेतल्या केंटकीमधल्या राल्फ यूजीन मीटयार्डचं काम शोधून बघा, चष्म्याच्या दुकानात काम करणारा माणूस, सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या बायकोमुलांना घेऊन ओसाड घरांत जायचा आणि त्यांना स्वस्तातले रबरी मुखवटे घालायला लावायचा. त्याच्या आधी पॅरिसला जाक-आंद्रे बोआफारने 1930 मध्ये कोट घातलेल्या पुरुषाला कार्निव्हलचा मुखवटा लावून सरळ फोटो काढलेत. दोघांकडे मुखवटा भयानक आहे म्हणून फोटो चालतो असं नाही, तो चालतो खाली दिसणाऱ्या हातापायांमुळे. म्हाताऱ्याचा चेहरा आणि शाळकरी पोराचे गुडघे. म्हणून मुखवट्याचा फोटो काढाल तर हात फ्रेमबाहेर कापू नका, आणि माणसाला पोज देऊ नका, बस स्टॉपवर उभा राहतो तसा उभा करा.

लांब एक्सपोजरसाठी फ्रान्सेस्का वुडमन बघा, स्वतःचं शरीर हलवून भिंतीत, वॉलपेपरमध्ये विरघळवणारी, 1981 मध्ये बावीस वर्षांची असताना गेली. लोक तिचा प्रत्येक फोटो मृत्यूची चिठ्ठी म्हणून वाचतात, ते मला पटत नाही, ते काम एका शिकाऊ पण फार तयार फोटोग्राफरचं आहे, फ्रेम मोजून मापून बसवलेली आहे. तिच्याकडून शिकायचं ते हे, की खोली टोकदार फोकसमध्ये, जमिनीवरचा कचराही स्पष्ट, फक्त माणूस पुसट. उलटं केलंत, म्हणजे माणूस स्पष्ट आणि खोली ब्लर, तर ते नेहमीचंच पोर्ट्रेट.

सोलरायझेशन तुम्ही विचारलं नव्हतं पण या सगळ्यांत ते येतंच. ली मिलर मॅन रेबरोबर काम करायची, तिने सांगितलेली हकीकत अशी की 1929 मध्ये डार्करूममध्ये तिच्या पायावरून काहीतरी, बहुतेक उंदीर, गेलं आणि तिने घाबरून दिवा लावला, टाकीत निगेटिव्ह अर्धवट डेव्हलप झालेले होते. त्याआधीही हा परिणाम रसायनवाल्यांना माहीत होता, पण या दोघांनी त्याचं पोर्ट्रेटचं साधन केलं. अर्धवट डेव्हलप झालेल्या इमल्शनवर, म्हणजे फिल्मवरच्या उजेड टिपणाऱ्या थरावर, क्षणभर उजेड पडला की न उमटलेला भागही काळवंडायला लागतो, आणि उजेड-अंधाराच्या सीमेवर डेव्हलप होताना सुटलेलं ब्रोमाइड साचून तिथली क्रिया रोखली जाते, म्हणून चेहऱ्याभोवती एक बारीक रेघ राहते. सॉफ्टवेअरमधलं सोलराइज बटण फक्त टोन उलटे करतं, ती रेघ देत नाही, आणि सगळी जादू त्या रेघेत आहे, कारण फोटो एकदम हाताने काढलेल्या चित्रासारखा होतो आणि तरी त्वचेची छिद्रं दिसत राहतात. डार्करूम मिळत असेल तर करा, नसेल तर सोडून द्या, नकली करण्यात अर्थ नाही.

एआयचा मुद्दा टाळता येणार नाही. आज बघणाऱ्याचा फोटोवरचा विश्वासच आधीसारखा नाहीये, काहीही विचित्र दिसलं की तो म्हणतो मशीनने बनवलंय, आणि त्याचं बघणं संपतं. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण हा सगळा प्रकार उभाच त्या विश्वासावर आहे. पण याचा अर्थ असा की आता आणखी संयम लागेल, बिघाड आणखी छोटा, बाकीचं आणखी साधं, आणि शक्य तिथे फोटो स्क्रीनवर न दाखवता कागदावर, हातात देऊन दाखवा. फार मोठी प्रिंट नको, पाच बाय सात पुरे, घरच्या अल्बममध्ये असतो तेवढा फोटो हातात आला की माणूस तो अजूनही खरा धरून बघतो.

आणि एक गोष्ट जी मला तंत्राहून जास्त महत्त्वाची वाटते. सर्रियलिस्ट पुरुषांनी बायकांची शरीरं फार कापली. डोकं नसलेल्या, हात नसलेल्या, वस्तू झालेल्या. मॅन रेने 1924 मध्ये किकी या त्याच्या मॉडेलच्या पाठीवर व्हायोलिनची भोकं रंगवली, प्रिंटवर, आणि परत फोटो काढला, ती प्रिंट 2022 मध्ये लिलावात 1 कोटी 24 लाख डॉलरला गेली, सुंदर आहे यात वाद नाही, पण तिला त्यात हात नाहीत, आणि वाजवणारा कोण हे आपल्याला विचारावंसं वाटलं पाहिजे. जर्मन कलाकार हान्स बेलमरची तोडून-जोडून ठेवलेली बाहुली, 1934 मध्ये 'मिनोतोर' मासिकात आली, ती मी शिकवताना दाखवते पण त्यावर बोलल्याशिवाय पुढे जात नाही. काहून आणि वुडमनने जे बिघडवलं ते स्वतःचं होतं. दुसऱ्याचा चेहरा बिघडवायचा असेल तर त्या माणसाला आधी नीट सांगा काय करणार आहात, प्रिंट सगळ्यांत आधी त्यालाच दाखवा, आणि तो नको म्हणाला तर तो फोटो नाही. आपल्याकडे चेहऱ्याचा फोटो भिंतीवर, हारात, देवघराशेजारी जातो, आई-वडील तो बघतात, याची जाण ठेवूनच हात घाला.

राहिलं शीर्षक. बोआफारने 1929 मध्ये पायाच्या अंगठ्यांचे प्रचंड क्लोजअप काढले, काळ्या अंधारात लटकणारे, एका मासिकात पूर्ण पानभर, आणि खाली ओळ होती एवढीच की पायाचा अंगठा, पुरुष, वय 30. तो मूळचा वैद्यकीचा विद्यार्थी, पुढे परत त्याच क्षेत्रात जाऊन क्ष-किरण विभागात काम करणारा डॉक्टर झाला, आणि ती ओळ केसपेपरवर लिहावी तशीच आहे. पोर्ट्रेट म्हणून वापरलेला अंगठा आणि त्याला दिलेलं वय, यातलं वयच जास्त भयंकर आहे. तुम्ही पाठवलेल्या फोटोंना जी 'घुसमट', 'अंतर्मन' वगैरे नावं दिलीयत ती काढून टाका, माणसाचं पहिलं नाव, गाव आणि साल लिहा. पुढचा फोटो काढाल तेव्हा एक खिडकी, एक आरसा, एक ओळखीचा माणूस एवढंच घ्या, तो आरशात बघणार नाही आणि आरशातला तुमच्याकडे बघणार नाही अशी जागा सापडेपर्यंत त्याला आणि कॅमेऱ्याला इंचाइंचाने हलवत राहा, आणि मग एडिट न करता मला पाठवा.